इंजिनचा पिवळा दिवा: पुसण्याआधी काय वाचायचं, पुसल्यावर काय करायचं

गेल्या पावसाळ्यात शिरवळ सोडून खंबाटकी घाट चढायला लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडीने दम टाकला. रेस दिली तरी पिकअप येईना, स्टिअरिंग थरथरायला लागलं, आणि डॅशबोर्डवरचं पिवळ्या इंजिनाचं चित्र लुकलुकू लागलं. दुसऱ्या गिअरात कसाबसा घाट चढलो. पलीकडे उतरल्यावर हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दहाचा पाना घेतला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि पोराला चहा आणायला पाठवलं. चहा संपल्यावर वायर परत लावली. "गेला बघा दिवा, दादा. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रीसेट केला." दोनशे रुपये झाले.

दिवा खरंच गेला होता. साताऱ्यापर्यंत गाडी गुमान चालली. दुसऱ्या दिवशी कासला निघालो आणि यवतेश्वरच्या चढावर पुन्हा तोच लुकलुकाट.

चुका दोघांच्याही होत्या. लुकलुकत्या दिव्यावर घाट चढलो ही माझी, आणि काहीही न वाचता वायर काढली ही त्याची. गाडीने घाटात सगळं टिपून ठेवलं होतं: कोणता सिलेंडर चुकतोय, किती आरपीएमला, किती लोडवर, इंजिन किती तापलेलं असताना. ती नोंद त्या चहाबरोबर गेली. म्हणून हा लेख. दिवा पुसायला दोन मिनिटं लागतात, ते कुणीही शिकेल. कधी पुसायचा आणि पुसून गाडीला काय विचारायचं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आधी दिवा कोणता ते पाहा

लाल दिव्यांना रीसेट नसतो. तेलाच्या कळशीचा लाल दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. इंजिन ताबडतोब बंद करायचं, पुढच्या पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. थर्मामीटरचा लाल दिवा म्हणजे इंजिन उकळतंय. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही, गाडी बॅटरीच्या पुंजीवर चाललीय. हे दिवे कारण गेलं की आपोआप जातात आणि कारण गेल्याशिवाय ते घालवायचा विचारही करू नये.

पिवळ्या इंजिनाच्या दिव्याच्या दोन तऱ्हा. नुसता लागून राहिला तर गाडी चालवता येते, पण चार-आठ दिवसांत कोड, म्हणजे ईसीएमने टिपलेला दोषाचा नंबर, वाचून घ्यावा. लुकलुकला तर पाय रेसवरून काढा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. लुकलुकणं म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे जातंय आणि सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. आतली जाळी त्या उष्णतेने वितळते. प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल दीड-दोन हजारांत येते, कन्व्हर्टर तिच्या कित्येक पट महाग.

पुसताना नेमकं काय जातं

ईसीएम दोन वेगळ्या गोष्टी लक्षात ठेवतो. गॅरेजमध्ये दोन्हींना सरसकट ‘रीसेट’ म्हणतात, तिथेच घोळ होतो.

पहिली म्हणजे दोषांची नोंद. यात कोड असतो, आणि त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ असते. दोष पकडला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, कूलंट किती तापलं होतं, इंजिनावर लोड किती, याचा तो एक फोटोच म्हणा. बरेचसे दोष ईसीएम एकदा दिसले म्हणून दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत, म्हणजे गाडी चालू करून बंद करेपर्यंत, कोड ‘पेंडिंग’ म्हणून ठेवतो आणि पुढच्या फेरीतही तेच दिसलं तर दिवा लावतो. उलट बाजूनेही तसंच. दोष सलग तीन फेऱ्यांत दिसला नाही तर दिवा आपण होऊन विझतो, आणि पुढे इंजिन ४० वेळा थंड होऊन गरम झालं की कोडही पुसला जातो. म्हणजे दोष खरोखर दुरुस्त केला असेल तर पुसायची सक्ती नाही, नुसती गाडी चालवली तरी चालतं.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाने शिकलेल्या सवयी. थ्रॉटल बॉडीचं, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाचं, उदाहरण घ्या. दोन-तीन वर्षांत तिच्या झडपेभोवती काजळी जमते आणि हवेची वाट अरुंद होते. आयडलिंग टिकावं म्हणून ईसीएम झडप थोडी जास्त उघडी ठेवायला शिकतो. मग एके दिवशी मिस्त्री क्लीनर मारून ती काजळी साफ करतो. वाट मोकळी झाली, पण ईसीएमला जुनीच सवय. गाडी चालू केली की आयडलिंग साडेआठशेऐवजी बाराशे-पंधराशेवर. मालक म्हणतो सर्व्हिसिंगमध्ये गाडी बिघडवली. बिघडलेलं काही नसतं, सवय मोडायची असते. अशा वेळी रीसेट हाच उपाय.

पेट्रोलच्या मापाचंही तसंच आहे. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीएम पेट्रोल थोडं वाढवतो-कमी करतो, त्या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म म्हणजे मुरलेली सवय. उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर ठीक. अधिक म्हणजे इंजिनाला मिश्रण पातळ वाटतंय, म्हणून पेट्रोल वाढवतोय. इथेनॉल हे यातलं आपल्याकडचं ताजं प्रकरण. निव्वळ पेट्रोल जळायला वजनात १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५ पट. तेवढ्याच हवेला जास्त इंधन, म्हणून पंपांवर हे पेट्रोल आल्यापासून माझ्या गाडीचा लाँग टर्म ट्रिम चार-पाच टक्के वर सरकून बसला आहे. एवढ्याने दिवा लागत नाही. पण ज्या गाडीत आधीच कुठे हवेची चोरटी गळती आहे, ती या चार टक्क्यांनी हद्द ओलांडू शकते. अशा गाडीचा ट्रिम पुसून शून्यावर आणला तरी आठवड्यात तिथेच परत जातो.

हत्यार

स्टिअरिंगच्या खाली, पॅडलांच्या वरच्या बाजूला हात घाला. कडा तिरप्या असलेलं १६ पिनांचं सॉकेट लागेल, काही गाड्यांत त्यावर छोटं झाकण असतं. हे ओबीडी पोर्ट, गाडीच्या स्वतःच्या दोष-तपासणीशी बोलायची जागा. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक कारला ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांसोबत २०१० मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि २०१३ पासून दुसरा. त्यामुळे २०१३ नंतरची गाडी असेल तर बहुतेक कोणतंही साधं ॲडॉप्टर चालेल. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट सारखं दिसतं, पण आत बोलायची भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. तिथे गॅरेजचा मोठा स्कॅनरच लागतो.

ॲडॉप्टर म्हणजे ईएलएम३२७ नावाने मिळणारी काड्यापेटीएवढी डबी. मूळ चिप कॅनडातल्या कंपनीची, बाजारात बहुतांश नकला. नकलेत वाईट काही नाही, पण अगदी स्वस्तातली काही गाड्यांशी जोडलीच जात नाही, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. अँड्रॉइड फोन असेल तर ब्लूटूथवालं चालतं. आयफोनला वायफायचं किंवा ब्लूटूथ एलई असलेलं लागतं. डबी घेताना सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ॲपमध्ये ‘टॉर्क’ आणि ‘कार स्कॅनर’ ही दोन मी वापरतो, दोन्हींच्या फुकट आवृत्तीत कोड वाचता-पुसता येतात.

काम झालं की डबी काढून ठेवा. पोर्टच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा थेट करंट असतो, चावी बंद असली तरी. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर ही डबी बॅटरी बसवते.

वाचणं

चावी बंद असताना डबी पोर्टमध्ये खोचा. मग चावी ‘ऑन’वर आणा, इंजिन चालू करू नका. पुश बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबायचं. फोनच्या ब्लूटूथमध्ये डबी दिसेल, पिन बहुधा १२३४ नाहीतर ००००. ब्लूटूथ एलईवाली डबी असेल तर फोनच्या सेटिंगमधून जोडू नका, थेट ॲपमधूनच जोडा. ॲप उघडून ‘फॉल्ट कोड’वर जा.

आलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. साठवलेले कोड, पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम, तिन्हींचा. हे झाल्याशिवाय ‘क्लिअर’ या बटणाकडे बोट न्यायचं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हे झाल्यावरही न्यायचं नाही, तसाच दिवा लावून सर्व्हिस सेंटरला जा. पुसून गेलात तर ‘आम्हाला काहीच दिसत नाही’ हे उत्तर मिळेल आणि ते खोटंही नसेल.

कोडचं पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगचा भाग, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅग, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं तुटलंय. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा खास.

कोड जागा सांगतो, सुटा भाग सांगत नाही. पी ०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सिग्नल जास्त आला. सेन्सर बदला असा त्याचा अर्थ नाही. नव्वद टक्के लोक सेन्सर मागवतात आणि मग लक्षात येतं की एअर फिल्टर बदलताना कनेक्टर लावायचा राहिला होता.

आता यवतेश्वरची गोष्ट पुरी करतो. साताऱ्यातल्या मावसभावाकडे डबी होती. कोड आला पी ०३०३, तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत ‘तीन नंबर मिसिंग मारतोय’. कारणं तीन असू शकतात: कॉइल, प्लग किंवा इंजेक्टर. तिन्ही बदलायची तर पाच-सहा हजारांना खड्डा. भावाने इंजिन थंड होऊ दिलं, तिसऱ्या सिलेंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. एक बोल्ट, एक कनेक्टर, पाच मिनिटांचं काम. मग कोड पुसला आणि म्हणाला, "आता चल परत घाटात."

पॉवर हाऊसच्या पुढच्या चढावर गाडी पुन्हा थरथरली, आणि आम्ही तिथेच कडेला घेऊन कोड वाचला: पी ०३०२. दोष कॉइलसोबत दुसऱ्या सिलेंडरवर चालत गेला होता. म्हणजे प्लग आणि इंजेक्टर निर्दोष. काढलेली कॉइल खाली रबरी नळीशी तडकलेली होती, तडा केसाएवढा, कडेने पांढुरकी रेघ. सपाटीवर ठिणगी तिथून निसटत नव्हती. चढावर सिलेंडरमधला दाब वाढला की निसटत होती. नवी कॉइल बसवली, कोड पुसला, विषय संपला.

पुसणं असं वापरायचं. काहीतरी बदलायचं, पाटी कोरी करायची, त्याच परिस्थितीत गाडी चालवायची आणि काय उमटतं ते बघायचं.

बाकीच्या नेहमीच्या कोडांबद्दल थोडक्यात. पी ०१७१, मिश्रण पातळ: थ्रॉटलच्या पुढच्या रबरी पाइपा तपासा, वाकवून बघा, तडा वाकवल्यावर दिसतो. पी ०४२०, कन्व्हर्टरची ताकद कमी: लगेच कन्व्हर्टर बदलू नका, आधी मिसफायरचा कोड सोबत आहे का आणि सायलेन्सरच्या लाइनला कुठे गळती आहे का ते बघा. पी ०५६२, व्होल्टेज कमी: बॅटरी. मल्टिमीटरवर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ दिसायला हवं. म्हातारी बॅटरी एकाच सकाळी पाच-सहा असंबद्ध कोड उठवू शकते, स्टिअरिंगचा, एबीएसचा, इंजिनचा, सगळे एकदम. असा मेळा दिसला की आधी बॅटरीचं बघायचं.

सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट. गॅसवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर गप्प बसतो आणि सीएनजीवर मिसिंग मारतो. बाहेरून बसवलेलं किट असेल तर ट्रिम आधी पेट्रोलवर वाचा, मग गॅसवर. दोन्हींत पंधरा-वीस टक्क्यांचा फरक असेल तर दुखणं किटच्या ट्यूनिंगमध्ये आहे, गाडीच्या सेन्सरमध्ये नाही.

आणि उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखालची ऊब आणि वायरीचं कव्हर, दोन्ही त्याला प्रिय. सर्किटचा कोड आला, विशेषतः एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचा, तर स्कॅनर बाजूला ठेवून आधी टॉर्च घ्या. लेंड्या दिसल्या की अर्धं निदान झालं. तंबाखूची पानं टांगण्याचा उपाय माझ्या गाडीत एक महिना चालला, मग उंदराला बहुधा व्यसन लागलं.

अमेरिकी व्हिडिओंत हटकून एक सल्ला असतो: पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट लावा, दिवा जाईल. तिथल्या गाड्यांना टाकीतल्या वाफेची गळती तपासणं सक्तीचं आहे, म्हणून तो तिथे खरा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती तपासणीच नसते. ॲपमध्ये तपासण्यांच्या यादीत ‘ईव्हॅप’समोर ‘लागू नाही’ असं दिसलं तर झाकण कितीही फिरवा, दिव्याला त्याचं सोयरसुतक नाही.

स्कॅनरने पुसणं

दुरुस्ती झाली, किंवा वर सांगितल्यासारखी परीक्षा घ्यायची आहे. इंजिन बंद, चावी ‘ऑन’. ॲपमध्ये ‘क्लिअर’ दाबा, ‘नक्की का’ असं विचारेल, हो म्हणा. चावी बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा ‘ऑन’ करा आणि कोड परत वाचा. इंजिन चालू न करताच कोड लगेच परत आला तर ती तुटलेली वायर किंवा मेलेला सेन्सर, कारण अशा सर्किटच्या दोषाला गाडी चालवायची गरज लागत नाही. नुसती चावी फिरवली की ईसीएमला तो दिसतो. चालवल्यावर परत आला तर दोष चालण्यातला. एवढ्या एका फरकाने शोधाचा निम्मा पसारा आवरतो.

बॅटरी काढून रीसेट

स्कॅनर असताना या वाटेला जायची गरज क्वचित पडते. थ्रॉटल साफ केलाय आणि ॲपमधून शिकलेली सवय पुसली जात नाही, किंवा स्कॅनरच हाताशी नाही, तेव्हा. नव्या गाड्यांत कोड अशा मेमरीत असतात की बॅटरी काढूनही जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. करायचंच असेल तर या क्रमाने:

१. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. ड्रायव्हरची काच खाली करा, चावी खिशात ठेवा. बॅटरी नसताना सेंट्रल लॉक पडलं की चावी आत आणि तुम्ही बाहेर.

२. चावी बंद केल्यावर निदान पाच मिनिटं थांबा. ईसीएम लगेच झोपत नाही, थ्रॉटलची जागा आणि बाकीचे आकडे लिहून ठेवत असतो. युरियाची टाकी असलेल्या डिझेल गाडीत पंप पाइपातला युरिया मागे ओढत असतो, तिथे आणखी थोडं थांबा.

३. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंगच होतं. नुसती निगेटिव्ह काढली तरी पुरे, पॉझिटिव्हला हात लावायचं कारण नाही. निगेटिव्हच्या क्लॅम्पवर छोटा सेन्सर आणि बारीक वायर असेल तर त्याला धरून ओढू नका.

४. काढलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला सारा. ब्रेक पॅडल मिनिटभर दाबून धरा, साठलेला करंट निघून जातो. दोन्ही वायरी एकमेकींना टेकवण्याचे व्हिडिओ फिरतात. एक टोक चुकून बॅटरीवर राहिलं तर काय होईल ते सांगायला नको. तसलं काही करू नका.

५. पंधरा ते तीस मिनिटं. त्या वेळात टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा खार कोमट पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुऊन, कोरडा करून घ्या. कित्येकदा अर्धा आजार तोच असतो.

६. वायर लावून आवळा. हाताने फिरवून बघा, टर्मिनल हलता कामा नये.

ईसीएमचा फ्यूज काढणं ही याचीच धाकटी आवृत्ती. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जागा छापलेली असते, घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमची सेटिंग त्यात शाबूत राहते.

पुसल्यानंतरचा अर्धा तास

इथे लोक घाई करतात, वायर लावतात आणि ट्रॅफिकमध्ये घुसतात. मग सिग्नलला गाडी बंद पडते आणि रीसेटला शिव्या.

चावी ‘ऑन’ करून अर्धा मिनिट थांबा, थ्रॉटल आपली बंद जागा शोधते, कान दिला तर किर्र असा बारीक आवाज येतो. चावी बंद करा, दहा सेकंदांनी रेसला पाय न लावता गाडी चालू करा. एसी, लाइट, पंखा सगळं बंद. रेडिएटरचा पंखा एक-दोनदा फिरून थांबेपर्यंत तशीच उभी चालू ठेवा. मग एसी लावून आणखी पाच मिनिटं. यानंतर पंधरा-वीस किलोमीटर मिश्र रस्त्यावर चालवा: थोडं गल्लीत, थोडं हायवेला एका वेगात, आणि मधेमधे गिअरात ठेवून रेस सोडून द्या. मधल्या काळात पिकअप जरा बोजड आणि ॲव्हरेज कमी वाटेल, एक-दोन दिवसांत रुळते. एएमटी, म्हणजे क्लच पॅडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत झटके चार-पाच दिवसांनंतरही जात नसतील तर क्लचचं लर्निंग सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर करून घ्यावं लागतं.

बॅटरी काढली असेल तर एका बटणात वर जाणारी काच ते विसरलेली असते, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. स्टिअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि शंभर-दोनशे मीटर सरळ चालवा. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने जातो.

दोन-तीन दिवसांनी डबी लावून ‘पेंडिंग’ पान पुन्हा बघा. दिवा लागायच्या आधी तिथे कुजबुज सुरू होते.

हे दिवे या रस्त्याने जात नाहीत

एअरबॅगचा दिवा साध्या ॲपने पुसायच्या फंदात पडू नका, आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात घालू नका. पिवळा रंग मुद्दाम दिलेला असतो. एबीएसचा दिवा बऱ्याचदा चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसल्याने लागतो, चाक काढून सेन्सर धुतला की चाळीस-पन्नास मीटरवर आपण होऊन विझतो. टायरच्या हवेच्या दिव्याला हवा भरून रीसेटचं बटण, सर्व्हिसच्या पान्याच्या चित्राला मीटरवरचं बटण, दोन्हींची रीत गाडीच्या पुस्तकात असते. ते ग्लोव्ह बॉक्समधलं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं पुस्तक.

डिझेलच्या डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दिव्याचं मात्र वेगळं. कोड पुसल्याने फिल्टरमधली काजळी जात नाही, ती जाळावी लागते. शहरातल्या पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर तेवढा तापतच नाही. दिवा नुकताच लागला असेल तर हायवेवर साठच्या वर, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवून वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. दिवा दुर्लक्षित करून किंवा कोड पुसत राहून चालवलं तर फिल्टर तुंबतो, अर्धवट राहिलेल्या जाळणीतलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. वाढलेलं ऑइल बघून खूश होणारा एक ओळखीचा आहे, नाव सांगत नाही.

जुनी गाडी घेताना हीच डबी

कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर जातात. ॲपमध्ये ‘रेडिनेस’ असं पान असतं. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंपुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’. रोज चालणाऱ्या गाडीत ही पूर्ण असतात. त्याच पानाच्या आसपास ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असाही एक आकडा असतो, आणि तो विकणाऱ्यांना सहसा माहीत नसतो.

मागच्या महिन्यात मित्रासोबत कोंढव्याला एक पाच वर्षांची हॅचबॅक बघायला गेलो. रंग चकाचक, सीटला नवे कव्हर, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मालक म्हणाले, रोज हिंजवडीला जाते, एक दिवस त्रास नाही. डबी लावली. तपासण्या सगळ्या अपूर्ण. कोड पुसल्यापासूनचं अंतर: ४ किलोमीटर.

मित्राने विचारलं, बोपदेव घाटातून एक चक्कर मारून आणू का? मालक म्हणाले, ट्रायल सोसायटीच्या आतच घ्या, बाहेर ट्रॅफिक फार आहे. आम्ही चहा घेतला आणि रिक्षाने परत आलो.